उंदराचं लिव्हर आणि अण्णांचं

गेले दोन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. यावेळी रिलीजचं निमित्त नव्हतं. अण्णांच्या लिव्हरमध्ये गाठ निघाली. उजव्या बाजूला, चार सेंटिमीटरची. आणि बाकीच्या लिव्हरला सिरॉसिस. हिपॅटायटिस बी कित्येक वर्षं अंगात होता, कुणाला पत्ताच नाही. जामखेडला बातमी पोचली ती मात्र "घेत असतील हो गुपचूप" अशी! अण्णांनी आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. असो.

पुण्याच्या सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. निरोगी लिव्हरचा पाव भाग मागे राहिला तरी माणूस तगतो. सिरॉसिस असेल तर निदान ४० टक्के लागतं. अण्णांची उजवी बाजू काढली तर तेवढं उरत नाही. पुढे ते ट्रान्सप्लांटबद्दल बोलले, पण ते मी नीट ऐकलंच नाही.

घरी येऊन आपण सॉफ्टवेअरवाले जे करतो तेच केलं. रात्रभर नेट! १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांचं दोन तृतीयांश लिव्हर काढलं, आणि आठ-दहा दिवसांत ते वजनाला जवळजवळ पहिल्याइतकं झालं. गंमत म्हणजे कापलेला भाग परत उगवत नाही, राहिलेलाच फुगत जातो. आमच्या भाषेत, बॅकअप रिस्टोअर होत नाही, उरलेले सर्व्हर मोठे होतात.

मग सापडलं दोन टप्प्यांचं ऑपरेशन. पहिल्यांदा पोट उघडून आतड्याकडून येणाऱ्या पोर्टल शिरेची रोगट बाजूची फांदी बांधायची, लिव्हर मधोमध चिरायचं, पण काहीच काढायचं नाही. सगळं रक्त चांगल्या बाजूला वळतं आणि ती वाढायला लागते. आठवडा-दोन आठवड्यांनी दुसऱ्यांदा पोट उघडून रोगट बाजू काढायची. २०१२ साली जर्मन सर्जननी २५ पेशंटचा अनुभव छापला. साधारण ९ दिवसांत राहणारा भाग ७४ टक्क्यांनी वाढला होता. त्यातले ३ पेशंट हॉस्पिटलमध्येच गेले, हेही तिथेच लिहिलेलं होतं. ते वाक्य मी भरभर वाचलं.

शनिवारी एसटीने जामखेडला गेलो तो ही बातमी घेऊनच. घरी शेजारच्या मावशी आलेल्या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० साली आमच्या गावात ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी खेड्यातल्या, शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांना आरोग्याचं शिकवून तयार केलं. पुढे १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं. मावशी त्याच प्रकल्पात शिकलेल्या. मी लॅपटॉप उघडून उंदरांची गोष्ट रंगवून सांगितली. मावशींनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं,

"बाळा, त्या उंदराचं लिवर आधी चांगलं होतं का अण्णांसारखं बिघडलेलं?"

मी गप्प. बी. ई. फर्स्ट क्लास, आणि हा प्रश्न मला चार रात्रींत सुचला नव्हता.

परत शोधलं. तसे उंदीरही असतात. कार्बन टेट्राक्लोराइड किंवा थायोअॅसिटामाइड आठवडेच्या आठवडे देऊन त्यांना आधी सिरॉसिस करतात आणि मग दोन टप्प्यांचं ऑपरेशन. त्यांचं लिव्हरही वाढतं, पण निरोगी उंदरांपेक्षा कमी आणि उशिरा. आत व्रणाचं जाळं झालेलं असतं, रक्ताला वाट अडते, पेशी आधीच थकलेल्या. शिवाय आकार वाढला म्हणजे काम तेवढं वाढलं असंही नाही. सर्जननी अण्णांसाठी ही वाट का काढली नाही, ते तेव्हा कळलं.

आणि आणखी एक गोष्ट कळली. मी इतके दिवस उंदरांच्या मागे का लपलो होतो, ते. सर्जन म्हणाले होते की गाठ एकच आहे, पाच सेंटिमीटरच्या आत आहे, ट्रान्सप्लांट होऊ शकतं, घरातलं कुणी देणार असेल तर बघा. घरातलं म्हणजे मी. आईला शुगर आहे. त्या १९३१ च्या उंदरांसारखं निरोगी लिव्हर घरात असलंच तर ते माझंच असणार. साठेक टक्के द्यायचं, उरलेलं काही महिन्यांत बऱ्यापैकी भरून येतं. देणारा दगावण्याचा धोका हजारात दोन ते पाच. आकडा लहान आहे, पण त्यात आपण असू शकतो हे कळलं की लहान वाटत नाही.

अण्णांना सांगितलं तर ते चिडलेच. "तुझं लग्न व्हायचंय अजून. गप बस." आई काहीच बोलली नाही. रात्री नुसती माझ्या उशाशी येऊन बसली.

सोमवारी ब्लड टेस्टला जातोय. आधी हिपॅटायटिस बी, कारण मलाही असू शकतो. मग ब्लड ग्रुप, मग स्कॅन. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? अण्णांना मात्र अजून सांगितलेलं नाही. मावशी म्हणाल्या, "तू रिपोर्ट आण, त्यांना मी बघते."

तुम्हीही एकदा हिपॅटायटिस बीची टेस्ट करून घ्या. लागण नसेल आणि लस घेतली नसेल तर लस घ्या. पुढच्या वीकेंडला लिहीन की नाही, माहीत नाही.