आपल्याच फ्लॉप्या वाचणारा ड्राइव्ह

नाव पोर्टेबल आणि उचलताना कंबर धरायची, असा तो 1983 चा कॉम्पॅक. वजन जवळजवळ 13 किलो, आकार शिलाई मशीनच्या पेटीएवढा, आणि कीबोर्ड हेच झाकण. मुंबईत यंत्रदुरुस्तीच्या एका उस्तादांकडे उमेदवारी करत होतो तेव्हा असा एक यंत्रोबा आमच्या टेबलावर आला. हिरव्या पडद्याचं मला फारसं काही वाटलं नाही. जीव जडला तो शेजारच्या फ्लॉपी ड्राइव्हवर, कारण आत काय चाललंय ते कानाला कळे ते तिथेच.

तेव्हाच्या बेल्टवाल्या ड्राइव्हच्या पुलीवर पट्टे छापलेले असत: एक रांग अमेरिकेच्या 60 हर्ट्झसाठी, एक आपल्या 50 साठी. ट्यूबलाइटखाली आपली रांग स्थिर दिसली की मिनिटाला 300 फेरे पक्के. मीटर फुकटात! एलईडीखाली हे भरवशानं जमत नाही, म्हणून चोकवाली एक ट्यूब अजून जपून ठेवली आहे. 1981 च्या आयबीएम पीसीत असेच टँडनचे ड्राइव्ह होते. भारतीय वंशाच्या सिरजंग लाल टँडन यांची ती कॅलिफोर्नियातली कंपनी, आणि तिचं काम अंधेरीच्या सीप्झमध्येही चाले. उस्तादांना त्याचा कोण अभिमान!

आता निवृत्तीनंतर माझ्याकडे हौशी मंडळी असली यंत्रं घेऊन येतात. चिपा बहुतेक धडधाकट असतात; दगा देतं ते रबर आणि ग्रीस. बेल्ट सैल पडतो, नाहीतर वितळून डांबर होतो. हेडच्या दांड्यांवरचं ग्रीस गोंदासारखं घट्ट होतं. नंतरच्या लॅपटॉपमधल्या पातळ ड्राइव्हमध्ये कपॅसिटर गळतात. सोल्डरिंग आयर्न टेकवलं की मासळीचा वास. मुंबईच्या पावसाळ्यात फ्लॉपीवर बुरशी धरते, ती हेडवर येते. आता फ्लॉपी ड्राइव्हची जागा घेणारं, पेनड्राइव्हवर चालणारं यंत्र मिळतं. सोयीचं आहे, पण जुन्या फ्लॉप्या ते वाचणार कशानं?

खरी मेख अलाइनमेंटची. 360 केबीच्या फ्लॉपीवर एका बाजूला 40 ट्रॅक, दोन ट्रॅकमध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर. हेड किंचित सरकलं तरी ड्राइव्ह स्वतः लिहिलेलं बिनबोभाट वाचतो. दुसऱ्याची फ्लॉपी आली की अडतो. मालक म्हणणार, माझं यंत्र ठणठणीत, बाकीच्यांचंच बिघडलंय. (माणसांतही हा नमुना आढळतो.) मग अलाइनमेंटची खास फ्लॉपी घालून, ऑसिलोस्कोपवरचे दोन फुगे सारखे होईपर्यंत स्टेपर मोटर केसभर सरकवायची. ड्राइव्ह सुधारतो, आणि त्यानं वर्षानुवर्षं लिहिलेल्या फ्लॉप्या त्यालाच परक्या होतात. म्हणून उस्ताद स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी गिऱ्हाइकाकडे फ्लॉप्यांचा डबा मागत.

तुमच्या माळ्यावर असा एखादा पोर्टेबल असेल, तर दुरुस्तीला देताना त्याच्या फ्लॉप्याही सोबत द्या. साफसफाई, बेल्ट, ग्रीस खुशाल करू द्या. पण अलाइनमेंटच्या स्क्रूला हात लावण्याआधी सगळ्या फ्लॉप्यांची नक्कल काढून घ्यायला सांगा.