आग गेली कुठे?

मुलांनो, एक चूक कबूल करते. चौथीला शिकवताना मी सांगितलं, आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग ती आग गेली कुठे?" मी ठोकून दिलं, "विझली."

नकाशा काढा बरं. मादागास्करच्या पूर्वेला रियुनियन नावाचं टिकलीएवढं बेट सापडेल. शास्त्रज्ञ सांगतात, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपली भूमी तिथल्याच धगीवरून जात होती. भारत उत्तरेला सरकत गेला, धग मागेच राहिली. तिनंच पुढे समुद्रातून मॉरिशस उभं केलं, मग रियुनियन. तिथला पितों द ला फुर्नेझ आजही लाव्हा ओकतो. शेजारचा ३,०७० मीटरचा डोंगर मात्र शांत आहे. पाऊस आपल्या उलट, पूर्व उतारावर जास्त. आणि केवढा! जानेवारी १९६६ मध्ये वादळात २४ तासांत १,८२५ मिलिमीटर!

तो मुलगा आता आठवीत आहे. परवा एसटी थांब्यावर भेटला, तेव्हा हे सगळं सांगून टाकलं. हसून म्हणाला, "म्हणजे बाई, पळालो आपणच की!"