नेकारकाठी दोन दिवस

आटपाडी, जि. सांगली

चि. बाळ,

अक्का-दाजी मे महिन्यात तुझ्याकडं जर्मनीत येणार, म्हणून तू धाडलेला सहलीचा बेत वाचला. दोन दिवसांत कोलोनचं चर्च, ऱ्हाइनवरची बोट, हायडेलबर्ग आणि वर ब्लॅक फॉरेस्ट! ही सहल नव्हे, एसटीच्या कंडक्टरची ड्युटी झाली. अक्काचे गुडघे आणि दाजींची दुपारची झोप त्यात तू कुठंच धरलेली नाहीस. माझं ऐकशील तर बाकीची तिन्ही नावं खोड आणि एकटं हायडेलबर्ग ठेव. फोनवर सांगितलं असतं तर तू ‘बरं मामा, बघते’ म्हणून विषय मिटवला असतास. म्हणून कागदावर लिहितोय.

हायडेलबर्गच का, तर त्या गावाला आपला माणदेश माहीत आहे. तिथल्या विद्यापीठात 1962 साली दक्षिण आशिया संस्था निघाली. ग्युंटर सोन्थायमर तिथलेच प्राध्यापक. हा माणूस मराठी शिकला, धनगरांच्या वाड्यांवर बसला, त्यांच्या ओव्या टेपवर घेतल्या आणि बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावर 1976 मध्ये जर्मनमध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला. खरसुंडीच्या जत्रेला आणि आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात आपण लहानपणापासून जातो. पण मेंढरांमागं फिरणाऱ्या लोकांचा देव कसा घडतो, हे मला त्यांचं लेखन वाचून उमगलं. आपल्या विद्वानांनी पोथ्या चाळल्या, या गृहस्थानं मेंढक्यांना विचारलं. 1992 मध्ये ते वारले, साठीही गाठली नाही. संस्था पूर्वी नदीपल्याड होती, आता अल्याड बेर्गहाइम भागात आहे. आत जाता आलं नाही तरी दारापर्यंत दाजींना घेऊन जा. बिरोबाचं नाव या गावात आदरानं घेतलं गेलं, एवढं त्यांना सांग. पुढचा अर्धा तास तेच बोलतील.

आता नदी. तुझ्या स्टुटगार्टातली नेकारच पुढं हायडेलबर्गाला जाते. आपल्या माणगंगेत पाणी बघायला पावसाची वाट बघावी लागते. दाजींची डाळिंबं तगली ती टेंभू योजनेच्या पाण्यावर, आणि ते कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं पंपांनी उचलून आणावं लागतं. अशा माणसाला भर मे महिन्यात काठोकाठ भरलेली नदी दिसणं हेच स्थळदर्शन, किल्ला नंतर. जुन्या गावाच्या वरच्या अंगाला, कार्लस्टोर वेशीपाशी, बंधारा आणि जहाजांचा हौद आहे. जहाज हौदात शिरलं की खालचं दार मिटायचं आणि वरचं पाणी आत सोडायचं. पाणी चढेल तसं जहाज चढतं. पाणी उपसायचं कामच नाही. मानहाइमपासून प्लोखिंगेनपर्यंत असे 27 हौद आहेत. तिथं एक तास तरी ठेव, घड्याळ दाखवू नकोस. दाजी पंपांच्या वीजबिलाचा विषय काढतील, तो ऐकून घे.

किल्ल्यावर पायऱ्यांनी नेऊ नकोस. दोराच्या रेल्वेनं वर जा. किल्ल्याच्या तिकिटातच तिचं भाडं येतं. किल्ला निम्मा पडका आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजेनं मार्च 1689 मध्ये तो जाळला. संभाजीमहाराजांना मारलं तोच मार्च. 1693 मध्ये फ्रेंच पुन्हा आले, 1764 मध्ये वीज पडली, आणि किल्ला तसाच राहिला. सगळा नव्यानं उभारावा की आहे तसा जपावा, यावर 1900 च्या सुमारास तिथं कडाक्याचा वाद झाला. एक महाल दुरुस्त केला, बाकी पडझड जशीच्या तशी सांभाळली. मला हे पटतं. आपल्याकडं जुन्या बुरुजावर सिमेंट थापून वर गेरू फासणाऱ्यांची एक सहल तिथं काढायला हवी. तळघरात 1751 सालचं लाकडी पिंप आहे, जवळजवळ सव्वादोन लाख लिटरचं. द्राक्षमळेवाल्यांकडून कर म्हणून घेतलेली वाइन त्यात साठवत. दाजी विचारतीलच, एवढ्यात किती झाडं भिजतील!

जुन्या विद्यापीठातला विद्यार्थ्यांचा तुरुंग मात्र चुकवू नकोस. रात्री दंगा करणाऱ्या पोरांना 1914 पर्यंत तिथं कोंडत, पण तासांना जायला सोडत. भिंतीभर त्यांनी चित्रं नि नावं रंगवून ठेवली आहेत. तिथं उभं राहून अक्काला आपल्या स्वतंत्रपूरची आठवण करून दे. औंध संस्थानानं 1939 मध्ये आटपाडीजवळ बिनभिंतींचा तुरुंग काढला, कैद्यांना शेती दिली. त्यावरूनच माडगुळ्याच्या गदिमांनी कथा लिहिली, शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला आणि 1958 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला रुपेरी अस्वल मिळालं. आपल्या रानातली गोष्ट जर्मनीनं तेव्हाच पाहिली होती.

खाण्याचं म्हणशील तर मे महिना पांढऱ्या ॲस्परॅगसचा, आणि त्यासाठी नावाजलेलं श्वेत्सिंगेन तिथून जवळच. बटाट्याबरोबर वाढतात. वरच्या पिवळ्या सॉसमध्ये अंडं असतं, तेव्हा अक्कासाठी नुसतं लोणी मागून घे. शेंगदाण्याची चटणी ती आणणारच आहे.

संध्याकाळी जुन्या पुलावरून पलीकडं जा. डोंगरावरच्या फिलॉसॉफरांच्या वाटेचा चढ अक्काला झेपणार नाही. काठच्या हिरवळीवर बसा. पूल, गाव आणि किल्ला तिथूनही एका नजरेत येतात.

तुमच्या राज्याचं ते पाच जणांपर्यंतचं एक दिवसाचं रेल्वे तिकीट शुक्रवारी सकाळी नऊनंतरच चालतं आणि जलद गाड्यांना चालत नाही, हे ध्यानात ठेव. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शुक्रवार-शनिवार धर. आणि हॉटेल ठरवण्याआधी एकदा दाजींना विचार. ते ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणतील, तरी विचार.

तुझा मामा