अंगणातली तिफण

दिवाळी जवळ आली की पुण्या-मुंबईकडची आमची नातवंडे-भाचरे मातीचे किल्ले करतात, त्यांवर आळीव पेरतात, मावळे मांडतात आणि फोटो काढून आम्हाला पाठवतात. मी वाशीमजवळच्या एका खेड्यात वाढलो. तेथे मी किल्ला कधी पाहिला नाही. आमच्या दिवाळीत शेणाचे राज्य असे. शेणाने सारवलेले अंगण, पाडव्याला शेणाचे गोधन, आणि शिंगे रंगवून झुलीखाली ऐटीत उभी राहिलेली गुरे. आता शहरातल्या आमच्या घरी गुरे नाहीत आणि अंगणात फरशी आहे. तेव्हा 'आपणही यंदा काहीतरी मांडायचेच' असा हट्ट मुलांनी गेल्या वर्षी धरला, तेव्हा मांडायचे काय हा प्रश्न उभा राहिला.

उत्तर गावाकडच्या गोठ्यात पडून होते. वडील गेल्यावर बैल विकले, शेत मक्त्याने दिले, आणि आई आमच्याकडे राहायला आली. अवजारे मात्र गोठ्यातच राहिली. वखर, डवरे, जू, गाडीचे एक चाक आणि तिफण. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. लोखंड तो किलोने घेणार होता आणि लाकूड तेथेच टाकून जाणार होता.

चाकाचे लोखंड म्हणजे धाव. ती काढली की चाक चाक राहत नाही, हे ज्याने धाव चढवताना पाहिली आहे त्यालाच समजेल. लहानपणी आम्ही पोरे हा सोहळा पाहायला शाळा बुडवत असू. धाव चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम जराशी आखूड करायची. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईतो तापवायची, म्हणजे फुगते. मग चौघांनी सांडशींनी उचलून ती चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. लाकूड धुमसते, वाफेचा लोट उठतो, धाव आक्रसते आणि आरे, तुंबा, कडेचे बाकदार तुकडे या सगळ्यांना अशी करकचून आवळते की खिळ्याची गरज पडू नये. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा १९१५ सालचा 'गावगाडा' मी मुलांना वाचायला सांगतो. त्यातले सुतार-लोहार त्यांना इतिहासातले वाटतात. मला ते त्या वाफेत उभे असलेले दिसतात.

तर सगळे सामान एका टेम्पोत घालून मी घरी आणले. 'हे भंगार आता ठेवायचे कोठे?' हा आमच्या सौभाग्यवतींचा पहिला प्रश्न. शेजारच्यांनी 'सर, कृषी-पर्यटन केंद्र काढता की काय?' अशी चौकशी केली. हमरस्त्यावरच्या ढाब्यांच्या दाराशी लाल-पिवळी रंगवलेली चाके टांगतात, ती मला मुळीच आवडत नाहीत, म्हणून रंग लावायचा नाही एवढी अट मी घातली. बाकी आमचे वाशीम हे तसे अडगळीतून पुन्हा बाहेर काढलेलेच गाव आहे. इंग्रजी अमदानीत ते जिल्ह्याचे ठाणे होते, १९०५ साली तो जिल्हा अकोल्यात विलीन झाला, आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाले. टाकलेल्या वस्तू नव्याने मांडण्याचा आम्हाला थोडा सराव आहे!

चाक आडवे ठेवून प्रत्येक आऱ्याच्या टोकाशी एक पणती मांडली. मधल्या तुंब्यावर समई. जू दोन विटांवर उभे करून त्याला घुंगुरमाळ बांधली. खरी मौज होती ती तिफणीत. शहरी वाचकांसाठी सांगतो, तीन फण असलेली म्हणून ती तिफण. फणांमागे तीन पोकळ नळ्या, आणि त्या तिन्हींची तोंडे वर एका लाकडी वाडग्यात उघडतात, ते चाडे. बैलांमागून चालताना चाड्यात मुठीने बी सोडायचे. ते तीन वाटांनी तीन तासांत पडते. मूठ एकसारखी सुटली पाहिजे. एखादी नळी तुंबली आणि ध्यानात आले नाही, तर एक तास रिकामे जाते, आणि आठवड्याभराने ते साऱ्या गावाला दिसते. आमच्या शेतात चाड्यावर मूठ आईची असे. तिचे तास रिकामे गेलेले कोणी पाहिले नाही. हे तिने कधी सांगितले नाही, वडील सांगत.

आमचा आठवीतला मुलगा तीन संध्याकाळी खपला. विजेच्या बारीक दिव्यांची माळ त्याने तिन्ही नळ्यांतून खाली सोडली. बटण दाबले की प्रत्येक फणाच्या टोकाशी उजेड सांडे, बरोबर जेथे बी पडायचे तेथे. शेजारची मंडळी पाहायला येऊ लागली. आई ओट्यावर बसून घरच्या कापसाच्या वाती वळत होती. ती एवढेच म्हणाली, "चाड्यात वायर नोको ठेवू बावा. तिथं मूठ रायते." मुलाने वायर बाहेरून वळवली आणि आईने चाड्यात एक पणती ठेवली. पणती कोरी होती. ती रात्रभर तेल पीत राहिली आणि थोडे चाड्यालाही पाजत राहिली.

नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी गावाकडचे एक काका आले. वडिलांच्या बरोबरीने राबलेले, दोन एकरांचे धनी. फराळाच्या ताटाला त्यांनी हात लावला नाही. अंगणातली तिफण बराच वेळ पाहिली आणि आईला म्हणाले, "वैनी, तिफन देता काय? माह्या तिफनीचं दिंड मोडलं. ट्रॅक्टरवाल्याचा नंबर पाच दिसानं हाय. तवरक ओल उडून जाईन."

सोयाबीन निघाले की त्याच रानात हरभरा पेरतात. त्याला पावसाची आशा नसते, जमिनीत उरलेल्या ओलीवरच तो उगवतो. काळी जमीन वरून भराभर सुकते. पाच दिवस म्हणजे फार झाले.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. माझे महाविद्यालयातले सहकारी सहकुटुंब यायचे होते आणि तिफणीची कीर्ती मी त्यांना आधीच सांगून ठेवली होती. मी काही बोललो नाही. हिने मला आत बोलावून हळूच म्हटले, "अहो, दिवे लागले आहेत. अशा वेळी घरातली वस्तू बाहेर द्यायची?" आईला ते ऐकू गेले असावे. ती बाहेरूनच म्हणाली, "ओल थांबते काय पूजेसाठी?"

मुलाने एक शब्दही न बोलता माळ ओढून काढायला सुरुवात केली. त्याचे तोंड पाहवत नव्हते. काका त्याला म्हणाले, "पेरनं झालं का आनून देतो, बाबू." त्याने मान हलवली, पण वर पाहिले नाही.

आईने स्वयंपाकघरातून हरभऱ्याची वाटी आणली. पणती काढून ठेवली, पदर खोचला आणि चाड्यावर मूठ धरली. सात-आठ वर्षांनी धरली असेल. दाणे रांगोळीवर टपटपू लागले. दोन नळ्यांतून सरळ पडले, मधल्या नळीतून दोन-चार येऊन थांबले. "तुंबली," ती म्हणाली. मुलगा पटकन पुढे झाला, छत्रीची तार घालून त्याने नळी मोकळी केली. माळेतला एक इवलासा दिवा निसटून आत अडकला होता. आजीने पुन्हा मूठ सोडली. या वेळी दाणे तिन्ही ठिकाणी सारखे पडले. मुलगा फणांजवळ बसून ते मोजत होता.

रात्री नऊच्या सुमारास मालवाहू रिक्षातून तिफण गेली. लक्ष्मीपूजनाला अंगणात चाक आणि जूच उरले. सहकारी आले, चिवड्याची स्तुती केली, चाकापाशी उभे राहून फोटो काढले. तिफण कोठे आहे असे एकाने विचारले. "कामावर गेली," मुलाने सांगितले.

पाडव्याच्या सकाळी काकांचा फोन आला. चाड्याला तेल मुरले आहे, बी चिकटते, काय करू, असे ते विचारत होते. मी फोन आईकडे दिला. ती गुळाच्या पाकाकडे पाहत होती. फोन हाती न घेताच म्हणाली, "त्याले म्हना, राखीनं घास."