मनीचे दुसरे बिऱ्हाड

मांजर घराला धरून असते आणि कुत्रा माणसाला, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. माणसांनी बिऱ्हाड हलविले की कुत्रा गाडीमागे धावत सुटतो, मांजर मात्र चुलीपाशी बसून राहते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. या म्हणण्यात कितपत तथ्य आहे हे पारखण्याचा प्रसंग आम्हा उभयतांवर गेल्या पावसाळ्यात आला.

वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मंजूर केले. लोकांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच आहे. तोरणा आणि राजगड यांच्या कुशीतला हा मुलूख. दांडगा पाऊस, भाताची खाचरे, कौलारू घरे. तरणी माणसे पोटासाठी पुण्या-मुंबईस आणि घर राखायला वृद्ध मंडळी. अशाच एका घरी एक आजी एकट्या राहत. आम्ही दरवर्षी त्यांच्याकडून तांदूळ आणीत असू. त्यांच्या सोबतीला करड्या रंगाची एक मांजर होती. परक्याची चाहूल लागताच ती कणगीमागे दडे. आजींनी ‘मने’ म्हणून हाक मारली तरच बाहेर येई.

आषाढात आजी वारल्या. दिवसकार्य उरकून मुले शहरात परतली. एका खोलीच्या बिऱ्हाडात मांजर नेणे त्यांना शक्य नव्हते. श्रावणात आम्ही समाचाराला गेलो, तेव्हा शेजारच्या मावशी म्हणाल्या, “म्हातारी गेल्यापास्नं हिनं धड घास घेतला न्हाई बघा. रातभर दाराशी वरडती, दिसा पडून ऱ्हाती.”

घर तेच होते, पडवी तीच होती, उंबराही तोच. मांजर जर केवळ घराला धरून असती, तर तिला उणे असे काहीच नव्हते. नाहीसे झाले होते ते माणूस.

मावशींनी आजींचे एक जुने लुगडे दिले. ते फळांच्या पेटीत अंथरून, मोठ्या प्रयासाने मनीला आत घालून, मार्गासनी, नसरापूर, कापूरहोळ अशी वाट धरून आम्ही तिला भोरला आणले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की आजार दुसरा काही नाही; परंतु मांजर काही दिवस उपाशी राहिली तर तिच्या यकृतात चरबी साठते आणि त्यातून ती दगावू शकते. दुधाचा आग्रहही त्यांनी मोडून काढला, कारण मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दूध पचत नाही. वाफवलेली कोंबडी कोमट करून ठेवावी, म्हणजे वासाने तरी भूक चाळवेल, असा त्यांचा सल्ला. तिसऱ्या रात्री, घर निजल्यावर, वाटी रिकामी झाली.

मनीला कायमचे ठेवून घेणे आम्हाला शक्य नव्हते. आमच्या घरी एक दांडगा बोका आहे, आणि दाराआडून त्याचा आवाज आला तरी ती थरथर कापे. तेव्हा घर शोधणे भाग होते. बाजारपेठेतील एका धान्याच्या व्यापाऱ्यांना उंदरांसाठी मांजर हवीच होती. पण तेथे दिवसभर हमालांची ये-जा. एका कुटुंबातील दोन लहान मुले तिला पाहून हरखून गेली. परंतु त्यांना हवे होते ते खेळणारे पिल्लू, आणि मनीला हवी होती शांतता. दोघांनाही आम्ही नम्रपणे नकार दिला. मग आमच्याच आळीतील एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे शब्द टाकला. वर्षभरापूर्वी त्यांचे यजमान निवर्तले होते. बाई म्हणाल्या, “अहो, आता कुणाला जीव लावायची ताकद नाही माझ्यात. ठेवून घेते, पण लाडबीड माझ्याच्याने व्हायचे नाहीत.” आम्हाला हेच उत्तर सर्वांत आश्वासक वाटले.

लसीकरण उरकून, लुगड्यासह मनी बाईंकडे गेली. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिला प्रथम एकाच खोलीत ठेवले, कारण नव्या जागी लगेच मोकळी सोडलेली मांजर जुन्या घराच्या ओढीने निघून जाते आणि वाटेतच हरवते. पहिले अकरा दिवस ती कपाटाखाली होती. बाईंनी तिला एकदाही ओढून काढले नाही. त्या रोज त्याच वेळी त्याच खुर्चीवर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचीत. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केले, की माणसाने मांजरीकडे पाहून डोळे सावकाश मिटले-उघडले, तर मांजरही तसाच प्रतिसाद देते आणि परक्याजवळ येण्यास अधिक राजी होते. हे आम्ही बाईंना सांगितले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “वर्तमानपत्र वाचताना माझे डोळे मिटतातच.” बाराव्या दिवशी बाई खोलीत असताना मनी जेवली. महिन्याभराने ती खुर्चीच्या पायाशी येऊन बसली. मांडीवर मात्र ती अजूनही येत नाही, आणि बाईंची तशी अपेक्षाही नाही.

मांजरीला शोक होतो, की आपणच आपला शोक तिच्यावर लादतो, याविषयी शास्त्रज्ञांत अद्याप एकमत नाही. आम्हाला त्या वादात शिरायचे नाही. अन्न टाकलेल्या जिवासमोर अन्न कसे ठेवावे, एवढाच प्रश्न आमच्यापुढे होता, आणि त्याचे उत्तर धीर हेच निघाले. दुःखी माणसालाही आपण मायेच्या पोटी घाई करतो. जेव, बोल, हास म्हणून त्याच्यामागे लागतो. त्याच्या खोलीत नुसते बसून राहणे आपल्याला जमत नाही.

आणखी एक सुचवावेसे वाटते. आपल्या कुटुंबांतूनही मुले दूरदेशी आणि वृद्ध मायबाप घरी, सोबतीला एखादे मुके जनावर, असे चित्र पुष्कळ दिसते. आपल्या पश्चात त्याचे काय, ही चिंता त्या वृद्धांच्या मनात असते. ओठांवर मात्र ती क्वचितच येते. ती आपणच विचारावी, आणि कोणीतरी “मी नेईन” असे त्यांच्या हयातीतच सांगावे. त्या दोन शब्दांनी एक नव्हे, दोन जीव निश्चिंत होतील.