दिवा आज लावायचा की उद्या?

सात तारखेचा पगार, कपाटातली एक जाडजूड फाइल आणि पहाटे साडेपाचची बास्केटबॉल मॅच. या तिघांचं एकमेकांशी काय नातं? आहे, बॉस, आहे!

परवा एका मैत्रिणीने विचारलं, 'काय गं, एवढी कसली टेन्शनमध्ये?' मी म्हटलं, 'माझी सॅक्रामेंटो किंग्ज झालीये.' ती 'ओके' म्हणाली आणि आपल्या कोल्ड कॉफीकडे वळली. तिची काही चूक नाही. आपल्याकडे सकाळी ऑफिसला निघायच्या आधी एनबीए बघणारी माणसं थोडीच.

तर गोष्ट अशी. माझ्या मोबाइलमध्ये एक मेल आहे. बाणेरमधल्या एका कंपनीची ऑफर. पोस्ट 'कंटेंट लीड'. सात तारखेला पगार, पीएफ, मेडिक्लेम, शनिवार-रविवार सुट्टी. खाली बारीक अक्षरात एक अट : नोकरीत असेपर्यंत बाहेर काहीही लिहायचं नाही. उत्तर शुक्रवारपर्यंत.

आणि माझ्या कपाटात एक फाइल आहे. गेली तीन वर्षं मी एसटीतल्या महिला कंडक्टरांशी बोलतेय. डेपोत, कँटीनमध्ये, शेवटच्या गाडीत. त्याचं पुस्तक करायचंय. कधी? 'होईल की!' हे माझं चार वर्षांच्या फ्रीलान्सिंगमधलं सगळ्यात लाडकं वाक्य.

आज जिंकायचं की उद्यासाठी टीम बांधायची? एनबीएतल्या प्रत्येक संघाला हा प्रश्न दरवर्षी छळतो. आणि त्याचं उत्तर द्यायला गेलेल्या दोन टीम मी चक्क मुंबईत, माझ्या डोळ्यांनी बघितल्यात.

वरळीतला शनिवार

5 ऑक्टोबर 2019. वरळीचा एनएससीआय डोम. एनबीएच्या संघांनी भारतात पहिल्यांदाच सामने खेळले ते त्या दोन दिवसांत, सीझन सुरू होण्याआधीचे. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. मी मास कॉमला होते. इंटर्नशिपचे पहिले पैसे हातात आले होते. बाबा म्हणाले होते, 'पोस्टात आरडी उघड.' मी तिकीट काढलं, शिवनेरीत बसले आणि वरळीला जाऊन घसा बसेपर्यंत ओरडले. किंग्जसाठी. का, तर त्यांचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. एवढं कारण पुरलं. किंग्ज दोन्ही दिवस हरले, तो भाग वेगळा!

पेसर्सकडून त्या दिवशी डोमँटस सबोनिस नावाचा लिथुआनियाचा एक दांडगा गडी होता. सहा फूट दहा इंच. बास्केटखाली उभा राहिला की भिंतच. त्याला लक्षात ठेवा.

पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये किंग्जना टायरीस हॅलिबर्टन मिळाला. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव नव्हे. इथे नव्या पोरांची निवड संघ क्रमाने करतात आणि जो संघ आधीच्या सीझनला जास्त वाईट खेळला, त्याला वरचा नंबर मिळण्याची शक्यता जास्त. म्हणजे हरण्यातही फायदा! 'आत्ता हरू, मग चांगली पोरं घेऊ, मग जिंकू' हा विचार तिथूनच येतो. हॅलिबर्टन बाराव्या नंबरला सापडला. बारीक अंगाचा, हसरा, आणि पास असा देणारा की समोरच्याला कळायच्या आत चेंडू दुसरीकडे. पोरगं सॅक्रामेंटोत रमलं होतं.

फेब्रुवारी 2022 मध्ये किंग्जने त्याला पेसर्सला देऊन टाकलं. बदल्यात मुख्य नाव आलं सबोनिसचं. होय, तोच वरळीचा. किंग्जकडे डिआरन फॉक्स होता, तोही हॅलिबर्टनसारखाच चेंडू हातात ठेवून खेळ चालवणारा. दोघांपैकी एक ठेवायचा, तर एकवीस वर्षांचा उद्या गेला आणि पंचवीस वर्षांचा तयार आज आला.

मी त्या दिवशी जाम चिडले होते. ज्याच्यावर पुढची दहा वर्षं उभी करायची, तो पोरगा विकतात? मूर्ख आहेत का?

सोळा वर्षं म्हणजे किती?

मग एक आकडा आठवला. किंग्ज 2006 नंतर प्लेऑफमध्ये गेलेच नव्हते. सलग सोळा सीझन. एनबीएच्या इतिहासात एवढा दुष्काळ कुणाच्याही वाट्याला आलेला नाही. 2006 मध्ये पहिलीत असलेलं पोर कॉलेज संपवायला आलं आणि त्याने आपल्या गावाची टीम प्लेऑफमध्ये बघितलेलीच नाही. त्या गावाला दरवर्षी काय सांगितलं जायचं? थांबा, टीम बांधतोय.

म्हणून सबोनिस आला. आणि 2022-23 च्या सीझनला किंग्जने 48 सामने जिंकले, विभागात तिसरे आले, प्लेऑफमध्ये पोचले. त्याच सीझनला त्यांनी एक गंमत सुरू केली. टीम जिंकली की स्टेडियमवरून जांभळ्या लेझरचा झोत थेट आकाशात सोडायचा. अख्ख्या गावाला दिसायचा. घरात, गाडीत, हॉस्पिटलच्या खिडकीत बसलेल्यालाही कळायचं, आज आपण जिंकलो. पहिल्याच फेरीत गोल्डन स्टेटकडून सातव्या मॅचमध्ये ते हरले, स्टेफ करीने एकट्याने 50 पॉइंट मारले. पण तोवर गावाने दिवा बघितला होता.

यानंतर पुढचं सांगायलाच हवं, नाहीतर मी तुम्हाला फसवतेय. पुढच्या दोन्ही सीझनला किंग्ज प्लेऑफच्या दारातूनच परत आले. डिसेंबर 2024 मध्ये कोचला काढलं, दोन महिन्यांत फॉक्सलाही दुसरीकडे पाठवलं. आणि हॅलिबर्टन? त्याने पेसर्सला 2025 मध्ये थेट फायनलला नेलं. आता सांगा, कोण शहाणं?

ज्यांना थांबणं परवडलं

फायनलला पेसर्ससमोर होती ओक्लाहोमा सिटी थंडर. उद्यासाठी बांधणाऱ्यांचं हे काशी-रामेश्वर. जुलै 2019 मध्ये त्यांनी आपला स्टार पॉल जॉर्ज क्लिपर्सला दिला. क्लिपर्सना आज जिंकायचं होतं. त्यांनी बदल्यात जेमतेम एकवीस वर्षांचा शे गिल्जस-अलेक्झांडर दिला आणि वर ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या पाच निवडी. क्लिपर्सच्या हाती अजिंक्यपद काही आलं नाही. थंडरने दोन सीझन सपाटून मार खाल्ला. 22 विजय-50 पराभव, मग 24-58. आणि 2024-25 मध्ये 68 विजय, शे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि अजिंक्यपद.

हे उदाहरण लोक तोंडावर फेकतात. 'बघा, संयम!' पण संयम तर फिलाडेल्फियानेही केला होता. 2013 पासूनच्या तीन सीझनमध्ये ते 47 जिंकले आणि 199 हरले. मुद्दाम म्हणावं असं. पुढे 2018 ते 2024 दरवर्षी प्लेऑफमध्ये गेले, पण दुसऱ्या फेरीच्या पुढे एकदाही नाही. थंडरकडे थांबताना शे हातात होता आणि खिशात पाच निवडी होत्या. फिलाडेल्फियाकडे सुरुवातीला होती ती आशा. सॅक्रामेंटोकडे तर सोळा वर्षांनी तीही संपत आली होती. तिघांच्या थांबण्याला एकच शब्द कसा चालेल?

साताऱ्यातली सातवी मॅच

23 जून 2025, सोमवार. फायनलची सातवी मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाचला. मी साताऱ्याला घरी होते. बाहेर पाऊस. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले तरी पाचला उठतात. चहाचा कप घेऊन शेजारी बसले. 'यातला आपला कोण?'

मी हॅलिबर्टन दाखवला. म्हटलं, 'बाबा, त्याची पोटरी दुखावलीये, तरी खेळतोय.'

'मग बसवत का नाहीत त्याला? पोरगं लहान आहे, पुढे आयुष्य पडलंय.'

'फायनल आहे, बाबा.'

हॅलिबर्टनने लांबून तीन बास्केट टाकल्या. नऊ पॉइंट. आणि पहिल्याच क्वार्टरमध्ये चेंडू घेऊन निघाला नि कुणी धक्का न देता कोसळला. टाचेची शीर तुटली होती. जमिनीवर हात आपटत होता. पेसर्स हरले, 103-91. पुढचा अख्खा सीझन तो खेळणार नाही, हे नंतर जाहीर झालं. त्याने स्वतः लिहिलं की पुन्हा वेळ आली तरी मी खेळेनच. सगळ्यांनी ज्याला 'उद्या' म्हणून सांभाळलं, त्याने स्वतः 'आज' निवडला.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग आतल्या खोलीकडे बघत म्हणाले, 'तुझ्या आईचंही असंच झालं.'

आईला कन्याकुमारी बघायची होती. मी शाळेत असल्यापासून ऐकतेय. बाबा दरवर्षी म्हणायचे, रिटायर झालो की निवांत जाऊ. आरडी, एलआयसी, पीपीएफ, सगळं वेळेवर भरलं. रिटायरमेंटची तारीख आली, पैसे आले, आणि आईचे दोन्ही गुडघे गेले. आता जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी.

मी चटकन म्हणाले, 'म्हणूनच तर मी तुमच्यासारखं करत नाही. मनासारखं आज जगतेय.'

बाबा हसले. टोमणा नव्हता, खरंच हसले. 'अगं, तूसुद्धा उद्यासाठीच थांबलीयेस की. पुस्तक होईल, नाव होईल. फक्त तुझ्या थांबण्याचा हप्ता मी भरतोय.'

गप्प झाले. कारण खरं होतं. फ्रीलान्सिंग सुरू केलं तेव्हा बाबांनी 'तात्पुरतं' म्हणून माझं निम्मं घरभाडं भरायला घेतलं. ते तात्पुरतं चौथ्या वर्षात आहे. मी स्वतःला ओक्लाहोमा समजत होते. लांबचा विचार करणारी, संयमी वगैरे. माझ्या थांबण्याचं बिल मात्र दुसऱ्याच पत्त्यावर जात होतं. सॅक्रामेंटोच्या सोळा वर्षांचं बिल मालकांनी नाही, गॅलरीत बसणाऱ्यांनी भरलं, तसंच.

त्या दिवसापासून मला किंग्जचा राग येत नाही. हॅलिबर्टनला देणं चूकच ठरलं असेल, पण ज्यांनी सोळा वर्षं वाट बघण्याची किंमत मोजली, त्यांना एकदा दिवा दाखवावासा वाटणं, ही चूक मला समजते.

तर, शुक्रवार

तुमच्यापैकी कितीतरी जण उलट बाजूला असतील. सात तारखेचा पगार आहे, फ्लॅटचा ईएमआय आहे, आणि कपाटातल्या फाइलवर धूळ आहे. तुम्हाला 'सोडा आणि झेप घ्या' असं सांगणारी मी कोण? मी तर नेमकी उलटी उडी मारायला निघालेय. पण मी स्वतःला जे तीन प्रश्न विचारले, ते सांगते. थांबायचं तर हातात आत्ता काय आहे? कधीपर्यंत, त्याची तारीख आहे का? आणि तोवरचा खर्च कुणाच्या खात्यातून जातोय, त्याला कधी विचारलंय का?

माझी उत्तरं अशी आली. हातात तीन वर्षांचं बोलणं आहे, म्हणजे निवडी खिशात आहेत. तारीख नव्हती. आणि खात्याचा मालक साताऱ्यात होता, ज्याला मी कधीच विचारलं नव्हतं.

गुरुवारी मी कंपनीला फोन केला. नोकरी करते, पण ती बाहेर न लिहिण्याची अट काढा, एक पुस्तक बाकी आहे. समोरून 'बघतो' आलं. दोन तास नखं खाल्ली. मग सुधारित मेल आला : पुस्तकाला हरकत नाही, मात्र ऑफिसच्या वेळेत नको. म्हणजे पहाटे लिहायचं. मॅच नसेल त्या पहाटे! पुढच्या दिवाळीपर्यंत पहिला खर्डा, ही तारीख मी फाइलवर मार्करने लिहिलीये. जमेल का? माहीत नाही. हॅलिबर्टनची टाच कुणाला माहीत होती?

बाबांना सांगितलं, पुढच्या महिन्यापासून भाडं मी भरणार. आणि त्या पैशांची आरडी उघडायची नाही. कन्याकुमारीची तिकिटं काढायची, स्टेशनवर आईसाठी व्हीलचेअर सांगून ठेवायची. आई मागून ओरडली, 'मला नको ती खुर्ची, लोक काय म्हणतील!' मग दोन मिनिटांनी हळूच, 'समुद्रापर्यंत नेतात का त्या खुर्चीतून?'

शुक्रवारी सकाळी सहाला बाबांचा फोन. त्या मॅचनंतर किंग्जच्या लेझरची गोष्ट मी त्यांना सांगितली होती. त्यांनी त्याचं नाव 'दिवा' ठेवलंय.

'काय गं, पाठवलंस का सही करून?'

'आत्ताच पाठवलं, बाबा.'

'बरं,' ते म्हणाले. 'मग आज दिवा लावा म्हणावं.'