तीनशे लिटरची परात

मध्यंतरी तीन वीकेंड इथे काही टाकलं नाही, कारण तिन्ही वीकेंड मी एका परातीच्या मागे होतो. लग्नकार्यातली परात नव्हे. मामाच्या वर्कशॉपमधली, स्प्रिंगांवर बसवलेली, आत पॉलियुरेथेनचं अस्तर असलेली, मधोमध उंचवटा असलेली गोल परात. शॉपवरची मंडळी तिला वायब्रो म्हणतात. मामाकडे शंभर लिटरची होती. त्याला मोठी घ्यायची होती. किती मोठी, एवढाच प्रश्न. आणि घरात एकुलता एक इंजिनिअर मी, म्हणून तो माझ्याकडे आला. मी आयटीत आहे, मशीनला हात शेवटचा लावला तो सेकंड इयरच्या वर्कशॉपमध्ये, हे मामाच्या दृष्टीने फुटकळ तपशील. :)

आधी थोडी पार्श्वभूमी. ड्रिल किंवा कटर धातूतून बाहेर पडताना कडेला धातूचं बारीक, धारदार कुसळ सोडून जातो. त्याला बर म्हणतात. दिसायला क्षुल्लक, पण बोटाला लागलं की कळतं. जॉब बसवताना ते आडवं येतं, नाहीतर पुढे कधीतरी तुटून तेलात पडतं आणि सगळीकडे फिरतं. ते काढायचं म्हणजे डीबरिंग. हाताने करायचं तर कानस. मशीनने करायचं तर ही परात: त्यात सिरॅमिकचे किंवा प्लॅस्टिकचे खडे (यांना मीडिया म्हणायचं, आणि नाही, टीव्हीवाल्या मीडियाशी काही संबंध नाही), पाणी, थोडं साबणासारखं कंपाऊंड आणि जॉब. खालच्या मोटरच्या उभ्या शाफ्टला वर आणि खाली अशी एका बाजूला झुकलेली वजनं असतात. मोटर फिरली की सगळी परात काही मिलिमीटर थरथरते. खडे नुसते हलत नाहीत, सुंभ वळावा तसे पीळ घेत घेत परातीभोवती गोल फिरतात. वरच्या आणि खालच्या वजनांमधला कोन बदलला की हा पीळही बदलतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दहा मिनिटं नुसता बघत उभा होतो.

मामाचं युनिट सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत. काम स्टीलच्या छोट्या बुशांचं, त्याला शंभर लिटर पुरत होते. मग साताऱ्याच्या एका कंपनीची ऑर्डर आली: ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट, लांबी वीतभराला जरा कमी, दिवसाला पाचशे. हे ब्रॅकेट जुन्या परातीत टाकले तर अडचण अशी की भिंत आणि मधला उंचवटा यांच्यामधली गल्लीच वीतभर. जॉब त्यात आडवा वळायला जागा नाही, मग उभा राहतो आणि शेजारच्यावर आपटतो. ॲल्युमिनियम मऊ, लगेच पोचे. म्हणून चार बायका कानस घेऊन बसल्या. एका ब्रॅकेटला चार मिनिटं, म्हणजे तासाला पंधरा, आठ तासांत एकीचे एकशेवीस. चौघींचे चारशेऐंशी, तेही कुणी पाणी प्यायला उठलं नाही तर. रोज वीस-तीस कमी पडायचे. एकदा घाईघाईत जुन्या परातीतून काढलेला तीनशेचा लॉट कंपनीने परत पाठवला. पोचे तर होतेच, शिवाय काही भोकांत खड्याचे तुकडे अडकलेले. पुढचा लॉट असा आला तर ऑर्डर गेली, हे मामाला फोनवर स्पष्ट सांगण्यात आलं होतं. ब्रॅकेटसाठी मशीन घेतलेलं, त्याचा हप्ता चालू, आणि तारण राहतं घर. हे शेवटचं मला आईकडून कळलं, मामाकडून नाही.

तर मी एक्सेल उघडलं. आपला तोच धर्म.

शीट फार सुंदर झालं होतं. सहाशे लिटरची परात, काठोकाठ न भरता पाचशे लिटर माल. ॲल्युमिनियमला पोचे पडू नयेत म्हणून खडे पाच भाग, जॉब एक भाग. म्हणजे जॉबच्या वाट्याला साधारण त्र्याऐंशी लिटर, एक ब्रॅकेट अर्धा लिटर जागा खातो, म्हणजे एका वेळी एकशे पासष्ट. पंचेचाळीस मिनिटांची सायकल, पण मोठं मशीन म्हणून मी पंचवीस धरली. उरलेल्या वेळात त्याच परातीत स्टीलचे बुश. खाली एका हिरव्या सेलमध्ये: माणसं चारवरून एक. मी ते रात्री मामाला पाठवलं आणि समाधानाने झोपलो.

शनिवारी साताऱ्याहून बाबांना घेऊन निघालो. बाबा साताऱ्याच्या एमआयडीसीत फिटर होते, आता रिटायर. गाडी काढू म्हटलं तर म्हणाले, रेल्वेने जाऊ. मग माहुलीचं स्टेशन, कोयना एक्सप्रेस, कराड, किर्लोस्करवाडी. किर्लोस्करवाडी आली की बाबा दर वेळी खिडकीत सरकतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर कारखाना उभा केला, लोखंडी नांगर काढले, हे आम्ही लहानपणापासून या खिडकीतच ऐकत आलोय. मी माझं शीट दाखवलं. बाबांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "पंचवीस मिनिटं कुठनं आणलीस?"

म्हटलं, मोठं मशीन आहे ना.

"मोठ्या पातेल्यात भात लवकर शिजतो काय?"

इथे मला लाज वाटायला हवी होती, कारण थ्रूपुट वेगळं आणि लेटन्सी वेगळी हे मी ऑफिसात ज्युनिअर पोरांना शिकवतो. एका ब्रॅकेटची कड किती वेळात झिजेल हे खडा कोणता, थरथर किती आणि मिनिटाला किती वेळा यावर ठरतं. परात मोठी केली की एका वेळी जास्त जॉब बसतात, जॉब लवकर होत नाही. खोल परातीत वरच्या खड्यांचा भार जरा जास्त पडतो, थोडा फरक पडत असेल, पण तोच भार पोचेही पाडतो. सर्व्हर वाढवले म्हणून एक क्वेरी फास्ट होत नाही, तेच. सायकल परत पंचेचाळीस केली. भरणं-काढणं धरून तास.

स्टेशनवर मामा घ्यायला आला. "आला बघ इंजिनिअर!" वाटेत त्याला मार्केट यार्डाजवळ कुणाला तरी भेटायचं होतं, तिथे हळदीचं पॉलिश चाललं होतं. सांगलीची हळद तुम्हाला माहीत असेलच, २०१८ मध्ये तिला जीआय मानांकन मिळालं. पण शिजवून वाळवलेली हळकुंडं किती कळकट दिसतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. ती एका मोठ्या ड्रममध्ये भरतात, ड्रम आडवा गरगर फिरतो, हळकुंडं एकमेकांवर आणि खरबरीत जाळीवर घासतात, साल आणि मुळं भुकटी होऊन खाली पडतात आणि आतून पिवळाधमक माल निघतो. म्हणजे हीसुद्धा परातच की! फक्त खडे नाहीत, हळकुंडंच एकमेकांचे खडे. मी ड्रमवाल्याला विचारलं, याच्या दुप्पट मोठा ड्रम का नाही करत? तो म्हणाला, "उंचावनं पडतंय, मोडतंय. आणि गच्च भरलं तर घासतच न्हाई." बाबा माझ्याकडे बघून हसले. फिरत्या ड्रममध्ये माल वरून खाली कोसळतो, थरथरत्या परातीत तो उचलून आपटला जात नाही, नुसता घासत राहतो. नाजूक जॉबला परात का लागते ते तिथे हळदीत कळलं. हाताचा पिवळा रंग सोमवारच्या स्टँडअपपर्यंत टिकला.

वर्कशॉपमध्ये त्या चौघी बसल्या होत्या. त्यांतल्या थोरल्या मावशी मामाकडे पहिल्यापासून आहेत. नगावर काम. मावशी जॉब हातात घेतात, अंगठ्याचं नख कडेवरून फिरवतात आणि बाजूला ठेवतात किंवा परत कानस मारतात. बघत नाहीतच. मी त्यांना उत्साहाने सहाशे लिटरबद्दल सांगितलं. त्या ऐकून घेऊन म्हणाल्या, "आणि खडं बदलायचं कुनी?"

हे माझ्या शीटमध्ये नव्हतं. स्टीलला सिरॅमिकचे खडे, ॲल्युमिनियमला प्लॅस्टिकचे. आणि खडे तेच ठेवले तरी स्टीलचा चुरा खड्यांत मुरतो, मग ॲल्युमिनियमच्या अंगात रुततो, आठवड्याभराने गंजाचे ठिपके. म्हणजे एकाच परातीत दोन्ही करायचं तर दर वेळी सगळे खडे काढा, परात धुवा, दुसरे भरा. सिरॅमिक लिटरला साधारण दीड किलो. पाचशे लिटर म्हणजे साडेसातशे किलो. पंधरा किलोचं घमेलं धरलं तर पन्नास घमेली बाहेर. मग दुसऱ्या खड्यांची तेवढीच आत. काँटेक्स्ट स्विच फुकट नसतो हेही मी शिकवतो, हे सांगायला नकोच.

"आनि त्यो खडा भोकात बसतोय साहेब," मावशी पुढे म्हणाल्या. "नवा असतोय तवा न्हाई बसत. झिजला की बसतोय. मग आमी दिसभर सुई घिऊन टोचत बसायचं." कंपनीने परत पाठवलेल्या लॉटचं निदान एका वाक्यात. खडा रोज झिजतो, आणि झिजता झिजता एक दिवस बरोब्बर भोकाच्या मापाचा होतो. तो दिवस यायच्या आत तो चाळून बाहेर काढायला हवा. मामाकडे चाळणी नव्हती.

मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, मोठं मशीन आलं की आमचं काय? मी शीट बंद केलं होतं, पण हिरवा सेल मला तोंडपाठ होता. बाबाही काही बोलले नाहीत, ते टेप घेऊन शटरची रुंदी मोजायला गेले.

पुढचे दोन शनिवार भोसरीत गेले. मशीन विकणारे ट्रायल करून देतात, म्हणून पोत्यात चाळीस ब्रॅकेट घालून मी बाइकवरून गेलो. पहिल्या ट्रायलला त्यांनी प्लॅस्टिकचे छोटे शंकू वापरले. कडा छान, पण आठ मिलिमीटरच्या भोकांत शंकूंची टोकं पाचरीसारखी घट्ट. दुसऱ्या शनिवारी वीस मिलिमीटरचे त्रिकोण, तीनशे लिटरच्या परातीत. एकही अडकला नाही, पोचा नाही. पण ब्रॅकेटच्या आतल्या खाचेत एवढा मोठा खडा पोचतच नाही, तिथलं कुसळ तसंच. विक्रेत्याचं म्हणणं, मध्यम खडा घ्या, दोन्ही थोडं थोडं साधेल. मी ते ब्रॅकेट कुरियरने कुपवाडला पाठवले. मावशींचा निरोप आला: मोठाच घ्या, खाचेला एक हात कानस मारू, अर्ध्या मिनिटाचं काम.

शेवटी तीनशे लिटर. तासाला ऐंशी, आठ तासांत सहाशे चाळीस, पाचशेला पुरून उरतात. जुनी शंभरची परात स्टीलला कायमची, खडे बदलणं बंद. सहाशेच्या आणि तीनशेच्या किमतीत जो फरक होता त्यात चाळणी, वाळवायचं मशीन आणि गढूळ पाणी निवळायची टाकी बसली. मामाचा जीव अजून थोडा सहाशेत होता, "पुढच्या वर्षी ऑर्डर डबल झाली तर?" बाबा म्हणाले, डबल झाली तर दुसरी तीनशेची घे, एक बंद पडली तरी दुसरी चालेल. मी मान डोलावली. रिडंडन्सी! पण हे माझ्या आधी फिटरने म्हटलं.

परात बसून दीड महिना झाला. आवाज भयंकर आहे, मी कानाला लावायचे मफ पाठवले, ते खुंटीला लटकतात आणि मंडळी कापसाचे बोळे घालतात. चौघींपैकी मावशी आणि आणखी एक जण परात आणि खाच बघतात. तिसरीला मामाने तपासणीला घेतलं, रोजावर. चौथीला काम उरलं नाही. ती कुपवाडमध्येच एका कोल्ड स्टोरेजला बेदाणा निवडायला जाते. मामाने हे मला मी विचारल्यावर सांगितलं, आणि लगेच विषय बदलून म्हणाला की साताऱ्याला चार लॉट गेले, एकही परत नाही.

काल रात्री त्याचा मेसेज आला. मावशी म्हणतायत चाळणी एक सूत मोठी पाहिजे, खडा अजून थोडा लवकर बाहेर पडायला हवा. शनिवारी भोसरीला जाशील का?